मुंग्यांना जेवायला घाला: टेक्ससच्या बॅकयार्डात फायर अँटचा बंदोबस्त

ह्यूस्टनजवळ घर घेतलं त्या पहिल्या दिवाळीत मुलांनी बॅकयार्डाच्या कोपऱ्यात किल्ला केला. माती ओढून आणली, पायऱ्या पाडल्या, हळीव पेरले, गेरू नव्हता म्हणून लाल खडू चुरून तटाला फासला. मग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, धाकटीनं बालेकिल्ल्यावर मावळा ठेवायला हात टेकला आणि जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्याच मुंग्या. दुसऱ्या दिवशी तिच्या हातावर पांढऱ्या टोकाचे सतरा फोड मोजले. किल्ला आतून पार पोखरलेला होता. मावळे चढायच्या आधीच गड शत्रूकडे गेला होता.

मग मी केलं तेच, जे इथे आलेला प्रत्येक नवा माणूस करतो. पातेलंभर उकळतं पाणी आणून ओतलं. दोन दिवसांनी चार फुटांवर नवं वारूळ. ते फावड्यानं उकरलं, तर त्याची दोन झाली. आमच्याकडे तेव्हा आई आली होती. तुळशीला पाणी घालून झालं की ती रोज सकाळी चिमूटभर साखर वारुळाजवळ ठेवायची. "मुंगीला घातलेलं वाया जात नाही," म्हणायची. मी वैतागायचो. पुढे हा विषय जरा नीट शिकलो तेव्हा कळलं, की आम्हा दोघांत तिचीच पद्धत शास्त्राला जास्त धरून होती. फक्त साखरेच्या जागी दुसरं काही ठेवायला हवं होतं.

टेक्सस, लुइझियाना, फ्लोरिडा, जॉर्जिया या पट्ट्यात नव्यानं घर घेतलेल्या आणि बॅकयार्डात भेंडी-मेथी-कारली लावायची हौस असलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. पुण्या-नाशकात बसून वाचणाऱ्यांच्या बागेतल्या लाल मुंग्या वेगळ्या. त्यांना यातलं सगळंच लागू पडणार नाही.

आधी ओळख पटवा

ही मुंगी, म्हणजे फायर अँट, इथली नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पॅराग्वे-पराना नद्यांच्या खोऱ्यातली. १९३०च्या दशकात जहाजांतून अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरली. पुढे जगप्रसिद्ध मुंगीतज्ज्ञ झालेले ई. ओ. विल्सन तेव्हा मोबिलमध्ये शाळकरी पोर होते. १९४२ साली घराजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी या मुंगीचं वारूळ टिपून ठेवलं, आणि या देशातल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ती नोंद धरली जाते. १९५०च्या दशकात ती टेक्ससात पोहोचली. १९५८पासून केंद्र सरकारचं क्वारंटाइन आहे, म्हणजे तिच्या भागातून माती-झाडं तपासणीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, ते आजही उठलेलं नाही.

दिसायला ती काही भयंकर नाही. लालसर तपकिरी अंग, पोट काळपट, लांबी ३ ते ६ मिलिमीटर. एकाच वारुळात लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या मापाच्या दिसतात, ही एक चांगली खूण. वारूळ म्हणजे भुसभुशीत मातीचा ढीग, चाळलेल्या रव्यासारखा, आणि त्याला वर भोक नसतं. आपल्याकडच्या वारुळाला तोंड असतं, इथे तोंड शोधत बसू नका. या मुंग्या जमिनीखालच्या बोगद्यांतून काही फूट लांब जाऊन बाहेर निघतात.

खात्री करायची असेल तर लांब काठी घ्या, ढिगात दोन इंच खुपसा आणि लगेच मागे सरा. फायर अँट असतील तर पाच-दहा सेकंदांत उतू गेलेल्या दुधासारख्या वर येतील आणि काठीवर सरळ चढू लागतील. काठी हातात धरून बघत उभं राहू नका, एवढं सांगायलाच हवं, कारण मी राहिलो होतो.

मोठ्या, लाल, सावकाश चालणाऱ्या मुंग्या असतील, त्यांनी गवत काढून गोल अंगण केलं असेल आणि मधोमध एकच भोक असेल, तर त्या हार्वेस्टर अँट. त्यांच्या वाटेला जाऊ नका. टेक्ससचा शिंगाळा सरडा त्यांच्यावरच जगतो आणि तो आधीच कमी झालेला आहे. वारूळच नाही, पण बारीक तांबूस मुंग्यांचे लोट वेड्यासारखे वाकडेतिकडे पळताहेत, तर त्या क्रेझी अँट. फायर अँटची औषधं त्यांच्यावर चालत नाहीत, तो प्रश्न वेगळ्या लोकांना विचारायचा.

वारुळावर राग काढून का भागत नाही

वर दिसतो तो ढीग म्हणजे नुसती टोपी. थंडीत, पावसात पिल्लांना ऊब मिळावी म्हणून रचलेली गच्ची म्हणा हवं तर. खाली काही फूट खोल दालनं असतात. मुरलेल्या वसाहतीत दोन लाखांच्या आसपास कामकरी मुंग्या असू शकतात. आणि राणी, जी दिवसाला हजारावर अंडी घालू शकते, ती धोका जाणवला की सगळ्यात आधी खाली नेली जाते. काही वसाहतींत तर एक नाही, अनेक राण्या असतात. तुम्ही वरून हजार मुंग्या मारल्या, तर राणीच्या जेमतेम एका दिवसाच्या अंड्यांइतकी ती तूट, त्यापलीकडे तिकडे काही बिघडत नाही. उलट हल्ला झाला म्हणून बिऱ्हाड हलतं. माझं "नवं" वारूळ नवं नव्हतंच, जुनंच चार फूट सरकलं होतं.

सरकारनंही हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली होती. १९५०च्या दशकाच्या शेवटी विमानांतून हेप्टाक्लोर आणि डिएल्ड्रिन या कीटकनाशकांचा मारा केला. पक्षी मेले, मासे मेले, या मुंगीशी झुंजणाऱ्या इथल्या देशी मुंग्या मेल्या. रिकाम्या झालेल्या जागेत सगळ्यात आधी कोण परतलं असेल ते सांगायला नको.

आता तिची खोड ऐका. पूर्ण वाढलेल्या कामकरी मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तिच्या तोंडात चाळणीच असते म्हणा ना, फक्त पातळ आत जातं. घन खाऊ ती पिल्लांना देते. शेवटच्या टप्प्यातल्या अळ्या तो पचवतात आणि पातळ करून परत देतात. मग तो तोंडातोंडी सगळ्यांना वाटला जातो आणि राणीलाही पोहोचतो. म्हणजे राणी कितीही खोल असो, तिचं ताट वरून जातं. ज्याला 'बेट' म्हणतात ते आमिष यावरच बेतलेलं आहे: मक्याच्या कोरड्या कण्या, त्यांना सोयाबीनचं तेल, आणि तेलात अगदी नगण्य प्रमाणात औषध. औषध मुद्दाम सावकाश मारणारं असतं. वाहून नेणारी मुंगी वाटेत मेली तर घास राणीपर्यंत जाईल कसा?

बंदोबस्ताचं सगळं गणित यातच आलं. मारायचं नाही, वाढायचं.

दोन पावलांची पद्धत

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या ॲग्रीलाइफ एक्स्टेन्शनवाल्यांनी (शेती-बागेचा सल्ला देणारी मंडळी) रुजवलेल्या पद्धतीला 'टेक्सस टू-स्टेप' म्हणतात. टू-स्टेप हा इथला नाचही आहे, त्यावरून. पहिलं पाऊल: वर्षातून एकदा-दोनदा सगळ्या आवारात बेट फोकायचं, म्हणजे विखरून टाकायचं. दुसरं पाऊल: जी वारुळं अगदी पायात येतात तेवढीच वेगळी मारायची.

त्याआधी एक चक्कर मारून वारुळं मोजा. पाव एकराला पाचाहून कमी असतील तर फोकण्याच्या भानगडीत पडू नका, एकेक वारूळ वेगळं करा. सगळीकडे बेट टाकलं की देशी मुंग्याही खातात, आणि त्या असलेल्या तुम्हाला हव्या आहेत, कारण नव्या फायर अँट राण्यांना त्याच फस्त करतात.

*वेळ.* वसंतात एकदा, साधारण एप्रिल-मे, आणि शरदात एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबर. एकदाच जमणार असेल तर शरदातलं सोडू नका. तेव्हा मुंग्या भरपूर बाहेर असतात, आणि खिळखिळी झालेली वसाहत पुढे थंडीत तग धरत नाही. जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ७० ते ९५ फॅरनहाइट, म्हणजे २१ ते ३५ सेल्सिअस, या दरम्यान असलं की त्या चरायला निघतात. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दुपारी जमीन तव्यासारखी असते, तेव्हा काम दिवेलागणीला करा. बरीचशी औषधं उन्हानं मरतातही, त्यामुळे संध्याकाळ एरवीही बरी.

*चिप्सची परीक्षा.* ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग बेट खराब निघालं म्हणून ओरडतात. बटाट्याचा तेलकट वेफर घ्या आणि वारुळापासून थोड्या अंतरावर गवतात ठेवा. वारुळावर नव्हे. अर्ध्या तासात मुंग्या लागल्या तर बेट टाकायला हरकत नाही. नाही लागल्या तर त्या आज जेवायला बाहेर नाहीत, पिशवी परत ठेवा. आमच्याकडे या कामाला केळ्याचे वेफर वापरले जातात. मुंग्यांची अजून तक्रार आलेली नाही.

*पिशवी निवडणं.* दुकानात एकाच फळीवर दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात आणि दोन्हींवर मुंगीचंच चित्र असतं. एक बेट. दुसरं दाणेदार विष, बायफेन्थ्रिन किंवा फिप्रोनिलसारखं, जे मातीत भिनून अंगाला लागून मारतं. बेटला पाणी लागता कामा नये. दाणेदार विषाला टाकल्यावर पाणी द्यावंच लागतं. मी पहिल्या वर्षी बेट टाकलं आणि शिस्तीत स्प्रिंकलर सुरू केला. पिशवीचे पैसे गवताला घातले. तेव्हा पिशवीवर 'बेट' शब्द आहे का ते आधी बघा, मग मागच्या बाजूला औषधाचं नाव.

इंडॉक्साकार्ब लवकर फळ देतं, आठवडा-दीड आठवड्यात. हायड्रामेथिलनॉन आणि स्पिनोसॅडला काही आठवडे लागतात. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन मुंगी मारतच नाहीत. राणीच्या अंड्यांतून नव्या कामकरी निपजेनाशा होतात आणि जुन्या वय होऊन संपतात. त्याला काही महिने जातात, पण परिणाम टिकतोही जास्त. घाई असेल तर पहिलं, मोठं आवार असेल तर शेवटचं, असा माझा कल.

बेट ताजं हवं. तेल खवट झालं की मुंग्या हुंगतसुद्धा नाहीत. वास घेऊन बघा, जुन्या चिवड्याचा वास आला की समजा. लहान पिशवी आणा, उघडली की त्याच हंगामात संपवा, आणि गॅरेजमध्ये पेट्रोलच्या कॅनशेजारी किंवा दुसऱ्या कीटकनाशकाशेजारी ठेवू नका. कण्यांना तो वास लागतो. खतात मिसळून एकदम टाकायची युक्तीही याच कारणानं वाया जाते.

*फोकणं.* 'फोकणं' हा भात पेरणाऱ्यांचा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण हात तसाच चालायला हवा. प्रमाण किती? बहुतेक बेटांना एकरी एक ते दीड पौंड. सात हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे एक-षष्ठांश एकर. दीड पौंडाच्या हिशेबानं त्याला ११० ग्रॅम लागतात, आणि त्यातून घर आणि ड्राइव्हवे वजा करायचे. म्हणजे सगळ्या बागेला मिळून पेलाभरही नाही! टाकल्यावर जमिनीवर दाणे दिसेनासे असतील तर बरोबर टाकलंत. हाताने हे जमत नाही, हातात चक्र फिरवायचा छोटा स्प्रेडर मिळतो तो घ्या, भोक सगळ्यात बारीक ठेवा, आणि एकदा उभं, एकदा आडवं असं चालत जा. पिशवीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर माझं सोडा आणि पिशवीचं ऐका. या देशात कीटकनाशकाचं लेबल म्हणजे कायदा आहे, ते मोडणं हा गुन्हा ठरतो.

टाकायच्या वेळी गवत कोरडं हवं, पहाटेचं दव उतरलेलं हवं, आणि पुढचे २४ ते ४८ तास पाऊस नको. स्प्रिंकलरचा टायमर बंद करायला विसरू नका, तो पहाटे पाचला आपला आपण सुरू होतो. काँक्रीटवर पडलेले दाणे झाडून परत गवतात लोटा. नाहीतर पावसाबरोबर गटारात आणि गटारातून बायूत (इथल्या संथ ओढ्यांत) जातील, आणि यातली काही औषधं माशांना घातक आहेत.

*थांबणं.* यात अवघड असं काही नाही, फक्त जमत नाही. या दिवसांत वारुळं उकरू नका, त्यांवर काही ओतू नका. तुम्हीच आमंत्रण दिलं आहे, पंगत उठेपर्यंत कळ काढा.

पायात येणारी वारुळं

झोपाळ्याखाली, मुख्य दारापाशी, पत्रपेटीच्या खांबाला लागून वारूळ असेल तर आठवडे थांबणं शक्य नसतं. फोकल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग तेवढंच वारूळ मारा. तीन रस्ते आहेत.

पहिला, पुन्हा बेटच: लेबलवर सांगितलेले चमचे वारुळाभोवती दोन-तीन फुटांच्या कड्यात भुरभुरायचे. ढिगावर नाही, कारण ढिगावरून त्या ये-जा करत नाहीत.

दुसरा, भुकटी. ॲसिफेटची पांढरी भुकटी चमचाभर वर टाकली की काम होतं, पाणी लागत नाही. वास मात्र असा, की शेजारी विचारायला येतात. खाण्याच्या भाज्यांजवळ ही अजिबात वापरायची नाही.

तिसरा रस्ता म्हणजे आपलं उकळतं पाणी, आणि त्याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. दोन ते तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर, नीट ओतलं तर दहातल्या सहा वेळा वारूळ संपतं. माझं चुकलं ते तीन ठिकाणी: पाणी कमी होतं, दुपार होती, आणि ओतण्याआधी मी काठीनं ढोसून त्यांना जागं केलं होतं. पावसानंतरची गार, उन्हाची सकाळ गाठायची. तेव्हा राणी आणि पिल्लं उबेसाठी वरच्या मजल्यावर आलेली असतात. पाय न आपटता जायचं आणि एका दमात ओतायचं. त्या जागचं गवत जळणार, मुळंही जळणार. आणि अकरा लिटर आधण स्वयंपाकघरातून अंगणात न्यायचं आहे, तेव्हा मुलांना आत ठेवा, पायात बूट घाला, दोन फेऱ्या करा. मुंगीच्या डंखापेक्षा भाजणं वाईट.

कोणताही रस्ता धरा, पॅन्ट मोज्यात खोचा. फावड्याच्या दांड्याला टाल्कम पावडर चोळली तर मुंग्यांचे पाय घसरतात, वर चढता येत नाही.

भाजीचा वाफा

आपल्या लोकांचा खरा जीव इथे अडकलेला असतो. रेझ्ड बेड (फळ्या लावून उंच केलेला वाफा) म्हणजे फायर अँटसाठी बांधून दिलेला बंगलाच: माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा चांगला, फळ्यांची ऊब. भेंडीवर तर त्यांचा विशेष लोभ. कळीच्या देठाशी कुरतडतात, फूल गळतं किंवा भेंडी वाकडी निघते. शिवाय सकाळी भेंडी तोडायला हात घातला की बोटांवर चढतात. उगवणारं बी, जमिनीतले बटाटे, लिंबाच्या कोवळ्या रोपाची साल, सगळं त्यांना चालतं. झाडावर मावा असेल तर त्याच्या गोड चिकट पाण्यासाठी या त्याची राखण करतात. म्हणून मावा दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा. तो गेला की त्यांचं वर येणं कमी होतं. (न्यायानं सांगायचं तर त्या अळ्याही खातात आणि गोचिडंही. पण भेंडीच्या बदल्यात हा सौदा मला मान्य नाही.)

लॉनसाठी आणलेलं औषध वाफ्यात टाकू नका. पिशवीवर भाजीपाल्याच्या बागेचं नाव स्पष्ट छापलेलं असेल तरच ते आत जाईल. घरगुती बागेसाठी असं मिळतं ते मुख्यतः स्पिनोसॅडचं बेट. ते मातीतल्या एका जिवाणूपासून बनतं आणि त्याचे काही प्रकार सेंद्रिय शेतीतही चालतात. ते मिळालं नाही तर वाफ्याच्या बाहेर, फळ्यांपासून जरा दूर, लॉनमध्ये नेहमीचं बेट टाका. मुंग्या काही वाफ्यातच बसून खात नाहीत, लांबवर चरायला जातात, तिथून घास आपणच घरी आणतील. मी आता एवढंच करतो आणि वाफ्यात काहीच टाकत नाही.

वाफ्याच्या अगदी मधोमध वारूळ झालंच, तर पेरणीच्या आधी गरम पाणी. रोपं उभी असतील तर बाहेरच्या बेटवर भरवसा ठेवून लांब दांड्याचा चिमटा आणि जाड हातमोजे घेऊन तोडणी करा.

घरगुती उपाय, थोडक्यात

मक्याच्या कण्या खाऊन मुंगी फुगून फुटते, असं इथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. घन पदार्थ तिच्या घशाखाली उतरत नाही हे वर आलंच आहे, तेव्हा तुम्ही फक्त नाश्ता वाढता आहात. कॉफीचा चोथा, दालचिनी, सोडा-व्हिनेगर, क्लब सोडा, यांनी बिऱ्हाड फार तर हलतं. एका वारुळाच्या मुंग्या दुसऱ्यावर टाकून झुंज लावायची गंमत करायला जाऊन आमच्या मित्राच्याच पायाला झुंज मिळाली. हळदीची रेघ आईनं दारात काढली होती. दिसायला छान होती.

पेट्रोल ओतू नका. ते बेकायदा आहे, जमिनीतलं पाणी नासतं आणि आग लागते. आणि बॅगेतून मुंग्यांचा खडू आणायचा विचार असेल तर तोही सोडा. कीटकनाशकाच्या खडूला अमेरिकेत परवानगी नाही, आणि लहान मूल तो पाटीवरचा खडू समजून तोंडात घालतं, हे कारण मला कायद्याहून मोठं वाटतं.

डंख झाला तर

आपण "मुंगी चावली" म्हणतो, पण ही आधी जबड्यानं कातडी पकडते आणि मग पोटाकडची नांगी खुपसते. एकदा खुपसून भागत नाही. कर्कटकाचं टोक रोवून वर्तुळ काढावं तशी स्वतःभोवती फिरत पुन्हा पुन्हा डंख करते. म्हणून फोड गोलात उठतात. पाण्याखाली हात धरल्यानं ती सुटत नाही, उलट घट्ट धरते. कापडानं किंवा हातानं जोरात झटकून, खरवडून काढा. बूट-मोजे ताबडतोब उतरवा, आत राहिलेली एक मुंगीही पुरते.

मग साबणानं धुवा, बर्फ लावा. खाज फार असेल तर ॲलर्जीची नेहमीची गोळी. दिवसभरात पांढरं पुटकुळं येतं. ते पू झाल्यासारखं दिसतं, पण तो जंतूंचा पू नसतो, विषानं मेलेल्या पेशी असतात. फोडू नका. फोडलं तरच जंतू शिरतात. आठ-दहा दिवसांत सुकतं, डाग काही काळ राहतो.

श्वास लागणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, डंख हाताला आणि पित्तासारख्या गांधी सगळ्या अंगावर, चक्कर, उलटी, यांपैकी काही दिसलं तर घरात काही करत बसू नका, ९११ फिरवा. इथे नव्यानं आलेल्या आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवा. उगाच खर्च नको म्हणून ते गप्प बसतात. औषध मुलाच्या तोंडात गेलं तर पॉयझन कंट्रोलचा देशभरचा फुकट नंबर १-८००-२२२-१२२२ आहे.

पावसाळ्यानंतर, आणि आणखी थोडं

पूर आला की या मुंग्या बुडत नाहीत. एकमेकींना धरून त्यांचा तराफा होतो, राणी आणि पिल्लं सुरक्षित ठेवून तो वाहत राहतो आणि जे पहिलं कोरडं लागेल त्यावर चढतो. ते कोरडं म्हणजे तुमचा पायही असू शकतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनच्या रस्त्यांवरून असे तांबूस तराफे तरंगत होते. पाणी उतरल्यावर आवरायला निघाल तेव्हा पालापाचोळ्याचा ढीग, भिजलेला गालिचा, कुंपणाला अडकलेली फांदी, काहीही उचलण्याआधी काठीनं हलवून बघा. गमबूट हवेतच.

एसीच्या बाहेरच्या युनिटकडे महिन्यातून एकदा नजर टाका. विजेच्या जोडण्यांत शिरायची यांना खोड आहे. मेलेल्या मुंग्या संपर्काच्या पट्ट्यांत अडकतात आणि जुलैच्या दुपारी एसी बंद पडतो. आत हात घालू नका, युनिटच्या भोवतालची वारुळं तेवढी संपवा. कुत्र्याची खाण्याची ताटली बाहेर ठेवत असाल तर खाणं झाल्यावर उचलून घ्या.

बंदोबस्त झाला तरी पुढच्या वर्षी त्या परत दिसतील. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. वसंतात पाऊस पडून गेला की पंखांच्या राण्या उडतात आणि शेजारच्या आवारातून तुमच्याकडे उतरतात. म्हणून चार-सहा घरांनी मिळून एकाच आठवड्यात बेट टाकलं तर फरक ढळढळीत दिसतो. आमच्या गल्लीत आता ऑक्टोबरचा एक शनिवार ठरलेला आहे, संध्याकाळी सगळे स्प्रेडर फिरवतात आणि नंतर कुणाकडे तरी भेळ असते. नवी कुंडी, हिरवळीचे गठ्ठे किंवा मल्चच्या पिशव्या आणल्या की खालची बाजू तपासा. दुसऱ्या राज्यात बदली झाली तर बागेतली माती आणि त्यात लावलेली झाडं तशीच गाडीत टाकून नेऊ नका. क्वारंटाइनच्या भागातून बाहेर काढायला तपासणी लागते. शंका असेल तर आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला विचारा, ती माणसं मुंगी बघूनसुद्धा ओळखून देतात.

किल्ला आम्ही अजूनही करतो. आता तो पॅटिओच्या काँक्रीटवर होतो, माती दुकानातल्या पिशवीतली, आणि रोज सकाळी काठीनं बुरूज टोकून झाल्यावरच मावळे वर चढतात.